पैलवान आणि आठवड्याची नवरी

कॉलेजच्या वर्कशॉपात शर्यतीची गाडी बनवणाऱ्या मुलांनी त्यांच्यातल्या एकुलत्या एका मुलीचं नाव ठेवलं होतं पैलवान. तिचं घराणं सगळं कारकुनांचं. त्यांच्याकडे हातोडा निघायचा तो कॅलेंडर टांगण्यापुरता. पण ही पोरगी वेल्डिंगचा सांधा असा मारायची की लोखंडालाच आपण कधी दोन होतो हे आठवू नये. “तू पोरगी वाटतच नाहीस” ही तिथली सर्वोच्च पदवी तिला येता-जाता मिळे, आणि तीही वेडी मान ताठ करून घेई.

ज्याचा सांधा सुटेल, तो त्या आठवड्याची ‘नवरी’. शनिवारी त्याच्या डोक्यावर ऑइलचं कळकट फडकं टाकायचं, “लाजू नका नवरीबाई” म्हणत खिदळायचं, की प्रायश्चित्त संपलं. सुटलेला सांधा मग पैलवान गुपचूप जोडायची. सर्वांत कमी वेळा नवरी झालेला तो कॅप्टन, आणि शर्यतीत गाडीही तोच चालवणार.

ती गाडी चालवायची म्हणून तर पैलवान पहिल्या वर्षापासून धूर खात होती. निवडीच्या दिवशी ती नखांतलं काळं काढून आली.

“ढोल्या कॅप्टन,” काडी नावाच्या मुलाने जाहीर केलं. “दोनदाच नवरी झालाय.”

“मी एकदाही नाही.”

“अगं, तुला धरलंच नव्हतं. मुलीला नवरी म्हणण्यात काय मजा?”

“रोज तर म्हणता, पोरगी वाटत नाहीस.”

“ते कौतुक होतं गं. कौतुक वेगळं, कॅप्टन वेगळा. उगाच बायकांसारखं मनाला लावून घेऊ नकोस.”

पैलवानने वेल्डिंगचा मुखवटा खिळ्याला अडकवला. “बरं. मग मी जोडलेले तुमचे सांधेही धरू नका. कापा आणि आपापले मारा. ग्राइंडर तिकडे आहे.”

मुलांनी सांगाड्याकडे पाहिलं. तिचे सांधे वजा केले तर शिल्लक राहत होती चार चाकं आणि ढोल्या.

ढोल्यानेच घसा खाकरला. “मी काय म्हणतो, धरू या की हिला.”

सगळ्यांनी धरलं. नव्या कॅप्टनचा पहिला हुकूम निघाला: नवरी बंद. ज्याचा सांधा सुटेल त्यानेच तो कापायचा, घासायचा आणि पुन्हा जोडायचा.

शनिवारी काडी घामाघूम होऊन ग्राइंडर चालवत होता. “यापेक्षा फडकं बरं होतं रे,” तो कण्हला.

“घास मुकाट्याने,” ढोल्या म्हणाला. “याच सांध्यावर तिची सीट बसणार आहे.”