मिटल्या डोळ्यांनी ऐकलेला लेख

डोळ्यांच्या दवाखान्यात मी थेंब घालून डोळे मिटून बसलो होतो. शेजारी एक आजोबा तसेच बसलेले, आणि त्यांच्या पत्नी त्यांना मोबाइलवरचं काहीतरी वाचून दाखवत होत्या. दोन वाक्यं झाली आणि लक्षात आलं, अरे, हा तर आपलाच लेख! आदल्याच दिवशी चहा पिता पिता मी तो इंटरनेटवर टाकला होता.

मी कान टवकारले. सुरुवातीला आजोबा चक्क हसले. मग आजी थांबल्या. “काय पाल्हाळ लावलंय! पुढचं वाचते,” म्हणत त्यांनी माझा सगळ्यात लाडका परिच्छेद गाळला. आजोबांना काही चुकल्यासारखं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

पूर्वी हे काम संपादक करायचे आणि त्यांची लाल रेघ पाहून माझा पारा चढायचा. आता लेख टाकायचं बटण आपल्याच हातात, अडवणारं कुणी नाही, असं मी समजून चाललो होतो. बरं झालं, तसं नव्हतं.

आजोबांना आत बोलावलं. उठता उठता ते म्हणाले, “बाकी छान लिहिलंय गं. कुणाचं आहे?”

“नाव नाही बघितलं,” आजी म्हणाल्या.

आभार मानायला डोळे उघडले, तर समोर सगळं धूसर. तेवढ्यात ती दोघं आत गेलीही.

तो परिच्छेद मी घरी येताच काढला. आता काहीही टाकण्याआधी मोठ्याने वाचतो, शेजारी आजोबा डोळे मिटून बसलेत असं धरून. ते हसेपर्यंत बटणाला हात लावत नाही.