गजांमधलं अंतर

माती लागलेलं लोखंड वेल्डिंगला घेतलं की जो करपट वास सुटतो, त्याने मला डोंबिवलीजवळच्या मानपाड्यातलं ते वेल्डिंगचं दुकान आठवतं. सातवीत शाळा सोडून गावाहून आलेलो मी तिथे ग्रिल बनवायचो. गावी बटाटे काढताना वाकून वाकून आईची कंबर गेलेली, म्हणून दुकानाच्या शेठना विचारून त्यांच्या भंगारातून छोट्या ट्रॅक्टरमागे लावायचं बटाटे काढायचं यंत्र बनवलं आणि टेम्पोने गावी पाठवलं. पुढचं पातं जमीन उकरणार, मागच्या गजांमधून माती गळणार आणि बटाटे वर राहणार, असा हिशेब. भावाने शेतातून व्हिडिओ कॉल लावला, तर मातीबरोबर लहान बटाटेही खाली गळत होते आणि आई मागून वाकून ते वेचत होती.  शेठ माझ्या खांद्यावरून बघत होते. “गजांचं माप कशावरून घेतलंस रे?” “डोंबिवलीच्या बाजारातल्या बटाट्यावरून.” ते खो खो हसले. “अरे, तो निवडलेला मोठा माल! मागव परत, मधे एकेक गज मार. गज माझ्याकडून.” गज वाढवून यंत्र परत पाठवलं, तेव्हा पुढच्या कॉलवर आई बांधावर ताठ उभी होती. “मला काय कामच ठेवलं नाहीस की रं,” म्हणाली. आता असं यंत्र कुणी मागितलं, की मी आधी विचारतो, तुमच्या शेतात सगळ्यात लहान बटाटा केवढा निघतो?