फोनवरून पेरलेला चेहरा

माझ्या पोरीचं बारसं आमच्या गावी, डोंगरकड्याला, आणि नाव ठेवणारी आत्या, म्हणजे माझी थोरली बहीण, मोडका पाय घेऊन पुसेगावात पडलेली. "लेकराचं तोंड बघितल्याबिगर मी नाव ठेवणार न्हाई," असं तिनं जाहीर केलं. नेमकं त्याच दिवशी असं वारं सुटलं की आमच्या म्हशी दाव्याला पतंगासारख्या तरंगत होत्या. इंटरनेट गेलं, फोटो धाडायची सोय संपली. फोनवर बोलणं तेवढं अडखळत जायचं.

पण मी वीस वर्षं टीव्ही दुरुस्त केलेला माणूस. जुन्या टीव्हीचं चित्र एका दमात येत नसे. आधी एक, तीन, पाच अशा ओळी, मग मधल्या दोन, चार, सहा. एका खेपेला अर्धाच माल, म्हणून हवेतल्या चिंचोळ्या वाटेनंही गाडी अडकत नसे. मी चौकोनांच्या वहीवर एकेक चौकोन काळा करत कुशीवर झोपलेल्या पोरीचा चेहरा काढला, चाळीस ओळींचा, आणि आक्कालाही तसलीच वही अन् पेन्सिल घ्यायला लावली.

"पहिली ओळ! पांढरे सात, काळे चार..." मी इतका ओरडलो की फोन नसता तरी पुसेगावात ऐकू गेलं असतं. पहिली खेप झाली, दुसरी झाली, अन् आक्का किंचाळली, "आरं, लेकराला दोन नाकं काहून? एक उगवतीला, एक मावळतीला!"

"मधल्या ओळी कुठून भरल्यास?"

"उजवीकडून! जाताना डावीकडून गेले, येताना उजवीकडूनच येणार की. पेरणीचा एक तास, एक ओळ संपली म्हणून बैलं उचलून पयल्या बांधावर आणतेत व्हय?"

जन्मभर तिफणीमागं चाललेली बाई ती!

"टीव्हीत तसंच करतेत, आक्का."

"मग तुजा टीव्ही येडा हाय."

इकडं पाळणा सजलेला, बाया घुगऱ्यांसाठी खोळंबलेल्या. पुन्हा सांगायला वेळ नव्हता. "दुसऱ्या खेपेचं समदं खोड," मी म्हणालो. बराच वेळ नुसती खोडरबराची खसखस.  

"नाक आपल्या मायचं हाय रं," ती हळूच म्हणाली.

"अर्ध्याच ओळी हायेत, आक्का."

"अर्ध्यातच वळखू आलं. लाव फोन पोरीच्या कानाला."

"कुर्रर्र" झालं, नाव अडखळलं न्हाई. आता नाव ठेवल्यावर आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत. आत्या पुसेगावात, म्हणून बायांनी फोन कुणाच्या हातात आहे ते बघितलं आणि सगळे माझ्या पाठीत घातले. फोनमधून आक्का ओरडत होती, "जोरात घाला गं, मला ऐकू येऊ द्या!"