बाबुरावांचं गाऱ्हाणं

गोव्यातल्या मांद्र्यात देवापुढं गाऱ्हाणं घालावं ते बाबुरावांनीच. आवाज खणखणीत, आणि ‘वैऱ्यांचो नायनाट कर रे म्हाराजा’ ही ओळ आली की अंगात वारं शिरल्यासारखे ते चढत. पुरुषमंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून देवळाचं छप्पर हादरवत. दत्तप्रसादच्या हॉटेलात पाव-भाजी खातानाही त्यांचा तोच सूर. युद्धानं प्रश्न सुटत नाहीत, बोलणी करा, असं सरकार टीव्हीवर म्हणालं की हे हसायचे. “बोलणी कसली? दोन बॉम्ब घातले काय सगळे सुतासारखे सरळ!” दुरून डोंगर साजरे, तसं युद्धही.

मग आखातात एका बलाढ्य देशानं कुणाला न विचारता शेजाऱ्यावर बॉम्ब टाकले, आणि त्या शेजाऱ्याच्याच बंदरात गौरेशचं जहाज अडकलं. गौरेश म्हणजे बाबुरावांचा एकुलता एक मुलगा, तेलाच्या जहाजावर खलाशी. फोन लागेना. बाबुराव जनेलाच्या गजांपासून ओट्यावर, ओट्यावरून माडाखाली, पुन्हा जनेलाशी. त्यांची बायको सुमंगला घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली होती. टीव्हीवर आपलं सरकार दोन्ही देशांना सांगत होतं की एकतर्फी बळ वापरू नका, चर्चेला बसा. बाबुराव चॅनल बदलून बदलून तेच ऐकत राहिले.

“जरा जोरान सांगा रे!” ते टीव्हीवर खेकसले. सुमंगलानं वळून नुसतं पाहिलं. त्या नजरेनं ते फार ओशाळले.

अशात जत्रा आली. देवळाच्या पायरीवर दत्तप्रसादनं त्यांचा हात धरला. “अण्णा, आज वैऱ्यांचो असो नायनाट मागा, गौरेश सुखरूप येवक होयो.” बिचारा मनापासून बोलत होता.

बाबुराव देवापुढं उभे राहिले. नेहमीच्या ओळी ओठांतून आपोआप निघाल्या, गाव साद देत गेला आणि वैऱ्यांची ओळ आली. ते अडखळले. वैरी कोण? कुणाचाही नायनाट मागितला, तरी बॉम्ब पडणार ते पोर होतं त्याच बंदरात. देव आपलं ऐकतो, असं जन्मभर त्यांनी लोकांना सांगितलं होतं. आज त्याचीच त्यांना भीती वाटली.

“बा देवा म्हाराजा,” आवाज चिरकला, “जे कोण झगडतत, तेंका दोगांकय बुद्दी दी. एका चटयेर बसवन बोलूक लाय रे म्हाराजा!”

कुणीच साद देईना. असली ओळ गावानं कधी ऐकली नव्हती. माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली.

“व्हय म्हाराजा!”

खांबाआडून सुमंगला ओरडली होती. बायकांनी साद द्यायची रीत नव्हती. पाठोपाठ दत्तप्रसाद ओरडला, मग सगळा गाव.

पुढची ओळ बाबुरावांना आठवेना. खिशातला फोन अजून गप्पच होता. म्हणून त्यांनी तेच गाऱ्हाणं पुन्हा घातलं.