नाका ओलांडणारी गाडी

माझ्या सासऱ्यांनी जाताना गाडी मला दिली. मुलाला नाही, सुनेला. यावर माझ्या नवऱ्याला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. पूर्वी मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्स्या धावायच्या, तीच ही गाडी. फक्त आमची आकाशी रंगाची. हिच्या गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली असतो आणि तो दांडा माझ्या नवऱ्याला आयुष्यात कधी वश झाला नाही. गाडी दोन आचके देऊन बंद पडायची, सासरे शांतपणे म्हणायचे, "उतर," आणि मी बसायचे. मला त्यांनीच शिकवली, मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर. शिकवताना एकदाही ओरडले नाहीत. मी स्वतः चिडका बिब्बा, त्यामुळे दुसऱ्याचं न ओरडणं माझ्या चांगलं लक्षात राहतं.

गाडी मुळात गिरणीतल्या साहेबाची. सासरे कोकणातून येऊन गिरणीत लागले आणि पुढे या साहेबाचे ड्रायव्हर झाले. गिरणी बंद पडली, साहेब मुंबई सोडून गेला आणि जाताना गाडी सासऱ्यांना देऊन गेला. तेव्हापासून दर रविवारी सासरे सासूबाईंना फिरायला न्यायचे. पण पुढच्या सीटवर बसू द्यायचे नाहीत. साहेबाची बायको बसायची तिथेच, मागे डावीकडे, सासूबाईंनी बसायचं, असा त्यांचा हट्ट. त्या दाराचं आतलं हँडल निकामी होतं. दार बाहेरूनच उघडावं लागे. एरवी कुठे स्क्रू ढिला दिसला तरी पान्यांची पिशवी काढणाऱ्या या माणसाने ते हँडल तेवढं कधीच दुरुस्त केलं नाही. उतरायची वेळ आली की स्वतः फिरून जायचे, दार उघडायचे आणि म्हणायचे, "उतरा, मॅडम." सासूबाई लाजून म्हणायच्या, "गप ऱ्हवा."

आणि दसऱ्याला सीमोल्लंघन. मुलुंड म्हणजे मुंबईचं शेवटचं टोक, चेकनाका ओलांडला की ठाणं. सासऱ्यांच्या मते सीमोल्लंघन म्हणजे सीमा ओलांडायची, आणि आपली सीमा म्हणजे चेकनाका. त्यात चर्चेला वावच नव्हता. सकाळी गाडीची पूजा, मग सगळे गाडीत, नाक्यापलीकडे एका देवळाच्या आवारात आपट्याचं झाड आहे तिथवर जायचं, सोनं घ्यायचं आणि परत. आम्ही हसायचो, पण हौसेने जायचो.

ते गेल्यावर गाडी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. मी अधूनमधून सुरू करायचे. मग एक दिवस तिने खर्रखर्र केलं आणि मौन धरलं. पूजा मात्र चुकली नाही. दर दसऱ्याला सासूबाई खाली उतरून बॉनेटला हळदकुंकू लावायच्या, झेंडूचा हार घालायच्या, मूठभर अक्षता टाकायच्या आणि परत वर जायच्या. आमच्या दुसऱ्या गाडीतून नाक्यापलीकडे चला म्हटलं तर एकच उत्तर, "माका नको गो."

यंदा सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. दिवाळीनंतर घरं रिकामी करायची. जेवताना नवऱ्याने विषय काढला.

"भाड्याच्या घराला एकच पार्किंग आहे. ही बंद गाडी ठेवणार कुठे? भंगारवाल्याशी बोललोय मी."

"बापाची गाडी भंगारात घालतोस?" माझा आवाज बहुधा तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला.

"गाडी तुझी आहे. मग सांग ना, कुठे ठेवतेस?"

जागा माझ्याकडेही नव्हती, म्हणून मी आणखी चिडले. शेवटी ठरलं असं: दसऱ्याला गाडी स्वतःच्या चाकांवर नाका ओलांडून गेली, तर जागा शोधायची जबाबदारी नवऱ्याची. नाही गेली, तर भंगारवाल्याला मी स्वतः चावी देईन. सासूबाई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी बसतलंय हां मागे." बस्स. आता माघार नव्हती.

मेकॅनिक घाटकोपरचा मिळाला. टॅक्स्या दुरुस्त करण्यात त्याचे केस पिकलेले, आणि स्वतःचं कौतुक करण्यात उरलेले गळलेले. "ताई, ह्या गाड्या मी डोळे मिटून खोलतो," म्हणाला. त्याने डोळे उघडे ठेवून बॉनेट उघडलं आणि कपाळावर हात मारला.

"वाट लागलीय, ताई. सगळं वायरिंग उंदरांनी खाल्लंय."

मी तडक वॉचमनवर घसरले. पार्किंग झाडत नाहीस, मांजरांना दूध घालतोस, मग ती उंदीर कशाला धरतील? बिचारा मान खाली घालून ऐकत होता. तेवढ्यात मेकॅनिकने हाक मारली. पुढच्या काचेखाली हवा आत यायला जाळी असते, तिच्या खालचं झाकण त्याने काढलं होतं. आत वाळलेले झेंडू, काळी पडलेली आपट्याची पानं, हळदीचे खडे, हाराचा दोरा गुंडाळून केलेलं मऊसूत घरटं आणि सगळीकडे कुरतडलेल्या अक्षता. आमच्या सगळ्या दसऱ्यांचे तांदूळ त्या जाळीतून गाडीच्या पोटात गेले होते.

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही पूजा करता की पंगत घालता?"

मी वॉचमनची माफी मागितली. नवरा तोंड दाबून हसत होता, पण लगेच गंभीर झाला. हे आईला कळता कामा नये, असं त्याने आम्हा सगळ्यांना बजावलं. मलाही पटलं. ज्या पूजेने त्यांनी ही गाडी जिवंत धरली, तिनेच गाडी बंद पाडली हे त्यांना सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

मेकॅनिकने हे गुपित चहा येईपर्यंत सांभाळलं. सासूबाई कप घेऊन खाली आल्या आणि विचारलं, "काय झालेला गाडयेक?" याने लगेच वाळका झेंडू उचलून दाखवला, अक्षता दाखवल्या, घरटं दाखवलं. सासूबाई घरट्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तांदूळ गावले तर उंदीर खातलेच! तेंचो काय दोष? ह्ये असते तर माका किती चिडवले असते गो." आणि मग आम्ही सगळेच हसत सुटलो, वॉचमनसुद्धा.

पुढचे दिवस मजेत गेले. ऑफिसातून आले की मी आधी पार्किंगमध्ये डोकवायचे. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, त्याला रंगाच्या दुकानासारखा वास येत होता. कार्बोरेटर धुतला, ब्रेक नव्याने बसवले, वायरिंग सगळं बदललं. मागच्या दिव्याची काच घाटकोपरच्या भंगार गल्लीत एका मेलेल्या टॅक्सीची मिळाली; तिच्या कडेला पिवळा रंग अजून चिकटलेला आहे आणि मी तो मुद्दाम काढला नाही. मेकॅनिक रोज उशिरा यायचा, रोज माझी बोलणी खायचा आणि वर जाऊन सासूबाईंच्या हातचं काकडीचं गोड धोंडस खायचा. ज्या दिवशी इंजिन सुरू झालं त्या दिवशी निम्मी बिल्डिंग खाली आली. नवरा लहान मुलासारखा ओरडला, "अगं चालली ना, यार!" पैज आपण हरतोय हे त्याच्या लक्षातच नव्हतं.

शेवटी मेकॅनिकने छाती काढून आणखी एक गोष्ट दाखवली. मागच्या डाव्या दाराचं आतलं हँडल. "न सांगता केलं, ताई. आता आतून झकास उघडतं." सासूबाईंनी ते एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "बरा केलंस." पण आवाजात बरं वाटल्यासारखं काही नव्हतं. मी कामाच्या गडबडीत तिकडे लक्ष दिलं नाही.

दसऱ्याला पूजेच्या ताटात हळदकुंकू होतं, झेंडू होता, तांदूळ नव्हते. नवरा माझ्या शेजारी, सासूबाई मागे डावीकडे, नव्या लुगड्यात, गुडघ्यांवर हात ठेवून. ऊन असं की बॉनेटवर पापड भाजावा. रस्त्यावर हार घातलेल्या गाड्यांची ही गर्दी. नाका समोर दिसायला लागला आणि तिथेच गाडीने मान टाकली. एकदा, दोनदा, तीनदा चावी फिरवली. मागून हॉर्न सुरू झाले. नवरा ढकलायला उतरला. मी काच खाली करून मागच्या रिक्षावाल्याला दोन शब्द सुनावले, आणि मला रडूच यायला लागलं. इतक्या जवळ येऊन!

"ओरडा नको गो," मागून आवाज आला. "गरम झाली हा ती. पंपार ओलो फडको घाल. ते घालीत."

इतकी वर्षं मागे नुसत्या बसून असायच्या असं मला वाटायचं. त्यांनी आपला रुमाल काढून बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि माझ्या हातात दिला. मी बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर तो गुंडाळला. थोडं थांबले. मग चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली, अशी की रिक्षावाल्यानेही हॉर्न सोडून टाळी वाजवली. आम्ही नाका ओलांडला. नवरा धावत येऊन चालत्या गाडीत बसला, घामाने निथळत आणि दात काढून हसत.

देवळापाशी गाडी थांबवली. नवरा उतरून लगेच फोनवर कुणाशी तरी बोलू लागला. "हो, जुनी गाडी आहे. झाकलेली जागा हवी. आणि उंदीर नाहीत ना तिथे?" मी सोनं आणायला निघाले तर सासूबाई अजून गाडीतच.

"आई, उतरा ना. आतून उघडतं आता ते दार."

"माका ठावक आसा," त्या म्हणाल्या, आणि हात गुडघ्यांवर तसेच ठेवून समोर बघत राहिल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी गाडीला वळसा घातला, डाव्या बाजूला आले, पदर नीट केला आणि दार उघडलं.

"उतरा, मॅडम."

सासूबाईंचे डोळे भरून आले होते, आणि त्या नव्या नवरीसारख्या लाजल्या होत्या. माझा हात धरून उतरता उतरता म्हणाल्या, "गप ऱ्हव."