बीपीचं टेबल

"सिस्टर, तुम्ही फक्त बीपी घ्या. निदान आम्ही करतो."

असं म्हणाले डॉक्टर. सगळ्यांसमोर. आणि मी उठून उभी राहिले होते, कारण माझी खुर्ची मीच त्यांना दिली होती.

बरं, ते मनाचे डॉक्टर नव्हते. हाडांचे होते. गुडघे बदलतात. इंग्लंडात स्लाऊमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचा आरोग्य दिन होता, विषय होता 'मनाचं आरोग्य', आणि त्यावर बोलायला हे गुडघेवाले. मी तेवीस वर्षं मेंटल हेल्थ नर्स आहे. गेली सहा वर्षं अ‍ॅडव्हान्स्ड नर्स प्रॅक्टिशनर. म्हणजे पेशंट मी तपासते, निदान मी करते, औषध मी लिहून देते आणि खाली सही माझी असते. या देशाच्या कायद्याने दिलेला अधिकार आहे तो. फुकट नाही मिळाला, नोकरी करत शिकले, परीक्षा दिल्या. पण मंडळात कोण विचारतो?

आधी मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा फोन आला होता. गोड आवाज. "तुम्ही मेंटल हेल्थमध्ये आहात ना? मग पाच मिनिटं बोलाच." मी हरखले. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर बोलायचं ठरवलं, कागदावर मुद्दे काढले. मग त्यांनी विचारलं, "पत्रिकेत पूर्ण नाव काय लिहू?" मी आडनावासकट सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणाल्या.

दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका आली. माझं नाव नव्हतं. मी फोन केला. "अहो, वेळच कमी पडतोय. तुम्ही बीपीचं टेबल बघाल का? तुमच्या हाताला सवय आहे ना."

नर्स आहे म्हणून काढलं की आडनाव ऐकून काढलं? लोक म्हणतील, कशावरून? पुरावा काय? पुरावा नाही माझ्याकडे. पण ते "अच्छा, अच्छा" मी लहानपणापासून ऐकत आलेय. शाळेत ऐकलं, नर्सिंग कॉलेजला ऐकलं, आणि एवढा समुद्र ओलांडून इथे येऊन पुन्हा ऐकलं. त्याला भाषांतर लागत नाही.

तरी गेले. चूक म्हणा, हौस म्हणा. टेबल हॉलच्या मागच्या टोकाला होतं, कोट टांगायच्या खुंट्या आणि टॉयलेटचं दार यांच्या मधे. दोन खुर्च्या. एक माझी, एक येणाऱ्याची. पुढे स्टेजवर डॉक्टर सांगत होते की, मन प्रसन्न ठेवा, पॉझिटिव्ह विचार करा. माझ्यापुढे रांग. दंड पुढे करायचा, आकडा ऐकायचा, वडा खायला जायचं.

त्या रांगेत केतकी आली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. तीन महिन्यांचं बाळ सासूबाईंकडे होतं. सासूबाई पुण्याहून बाळंतपणासाठी आलेल्या, नवरा बेसिंगस्टोकला आयटीत. पट्टा बांधला, फुगवला, आकडा आला. नॉर्मल. मी पट्टा सोडला. तिने हात काढला नाही. तसाच टेबलावर ठेवला, माझ्या हाताखाली.

"ताई, मला झोप येत नाही."

"बाळ उठवतं का गं?"

"बाळ झोपतं. मी जागी असते. खिडकीजवळ गेले की वाटतं, हातातून सोडूनच देईन त्याला. म्हणून मी खिडकीकडे जातच नाही. त्याला घेऊन किचनमध्ये खाली बसून राहते."

"कोणाला सांगितलंस?"

"आत्ता तुम्हालाच."

हे ऐकल्यावर काय करायचं, ते मला माहीत आहे. भीती वाटते की इच्छा होते, हे हळूच विचारायचं. आवाज ऐकू येतात का? स्वतःच्या जिवाचे विचार येतात का? दहा मिनिटांचं काम. मी पहिला प्रश्न विचारला आणि मागून सासूबाई आल्या. "काय झालं? बीपी जास्त आहे का? थांबा, डॉक्टरांनाच बोलावते."

डॉक्टर आले. मी उठले.

डोक्याने विचार करायच्या आत गुडघे सरळ झाले. दोन्ही हात पाठीमागे गेले. ते माझ्या खुर्चीत बसले, पायावर पाय टाकून. "काय गं बेटा? बाळंतपणानंतर थोडं असं होतंच. आमच्या सौभाग्यवतींनाही झालं होतं. आयर्न घे, सकाळी उन्हात फिर."

फेब्रुवारीत. स्लाऊमध्ये. उन्हात!

केतकीने माझ्याकडे बघितलं. मी उभी. मग ती खाली बघून म्हणाली, "हो काका."

"सर, मला तिच्याशी एकटीशी दोन मिनिटं—" एवढंच मी म्हणाले. त्यावर ते वाक्य आलं. फक्त बीपी घ्या. आणि वर, "उगाच लोकांना घाबरवू नका." रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. सासूबाई पण हसल्या. मी एका चिठ्ठीवर आमच्या क्लिनिकचा नंबर लिहून केतकीच्या हातात दिला. हॉल आवरताना ती चिठ्ठी मला सापडली, वड्याच्या कागदी प्लेटखाली, तेलाने माखलेली.

हे उठणं कुठून आलं, ते सांगायला हवं.

माझी आई सरकारी मनोरुग्णालयात आया होती. बायकांचा वॉर्ड. वॉर्डात एक स्टूल होतं, पण आई त्यावर बसलेली मी कधी बघितली नाही. बसलेली आया दिसली की मेमो. ती त्या बायकांची डोकी विंचरायची, अंघोळ घालायची, घाण काढायची. कोण जेवत नाही, कोण भिंतीशी बोलते, सगळं तिला ठाऊक. डॉक्टरांचा राउंड यायचा आणि वाऱ्यासारखा निघून जायचा. एकदा आई म्हणाली होती, "साहेब, ही बाई तीन दिवस पाणी पीत नाही, तिला त्यात कायतरी दिसतं." साहेब म्हणाले, "तुला विचारलं?" आईने ते घरी येऊन हसत हसत सांगितलं. हसत! मला तेव्हा आईचा राग आला होता.

मग मी नर्स झाले. तिथे शिकवलं की डॉक्टर आले की उठायचं, हात मागे घ्यायचे, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. इकडे पहिली नोकरी नॉटिंगहॅमला. कन्सल्टंट, म्हणजे मोठे डॉक्टर, वॉर्डात आले आणि मी ताडकन उभी. सगळा स्टाफ बसलेला. वॉर्डची मॅनेजर, तिथलीच गोरी बाई, म्हणाली, "कुठे निघालीस, डक?" तिथे लाडाने सगळ्यांनाच डक म्हणतात. सगळे हसले, मीही हसले. आईसारखी. पुढे ती सवय गेली असं मला वाटत होतं. गोऱ्या डॉक्टरांसमोर गेलीच होती. मराठी डॉक्टर समोर आला आणि बघा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

सोमवारी मी सेक्रेटरीबाईंना फोन केला. त्या मुलीचं आडनाव द्या, निदान पत्ता तरी, मला तिची काळजी वाटते. "अहो, डॉक्टरांनी बघितलंय ना तिला," त्या म्हणाल्या. "आणि लोकांची माहिती अशी कशी देणार?" मी तणतणले. फोन आपटला. पण माझ्या मॅनेजरला सांगून, पुढे जाऊन, खणून काढता आलं असतं ते नाव. धोक्यातल्या आई-बाळांसाठी असलेल्या सेफगार्डिंगला कळवता आलं असतं. नाही केलं. डॉक्टरांनी बघितलंय, हे वाक्य माझ्याही आत कुठेतरी बसलं होतं. ही माझी चूक, ती मी कोणावर ढकलणार नाही.

तीन आठवड्यांनी केतकी घरातून निघून गेली. पायात सपाता, अंगावर कोट नाही, कडेवर बाळ. गोदामांच्या ट्रेडिंग इस्टेटजवळच्या बसस्टॉपवर बसली. बस आल्या, गेल्या. गोदामात सकाळच्या शिफ्टला जाताना एका माणसाने तिला बघितलं, आणि शिफ्ट संपवून परत येताना ती तिथेच बसलेली. त्याने पोलिसांना फोन केला. बाळ गारठलं होतं, पण वाचलं. दोघं वाचली. ती पोलिसांना म्हणाली, घरात खिडक्या फार आहेत.

हॉस्पिटलमधून तिची केस आमच्या टीमकडे आली. कागदावर नाव वाचलं, खाली खिडक्यांचं लिहिलेलं वाचलं, आणि तीच ही हे कळलं. आमच्या टीमला कन्सल्टंट एक. चांगली बाई आहे, मला कुठे अडलं तर तिलाच विचारते, पण एकटी माणूस किती जणांना पुरणार? तिची तारीख मे महिन्यातली. माझी गुरुवारची. एवढा साधा हिशोब आहे. मी नसेन, माझ्यासारख्या इतर नसतील, तर ही माणसं मेपर्यंत किचनमध्ये खाली बसून राहतील. उपकार नाही करत कोणावर. हेच काम आहे.

घरी फोन केला तर सासूबाईंनी उचलला. "नर्स? नको हो. आम्ही डॉक्टरांसाठी थांबू." मी म्हणाले, "थांबायला वेळ नाही. आणि केतकीला फोन द्या." केतकी म्हणाली, "बीपीवाल्या ताई का? मी येते."

गुरुवारी आली. बरोबर नवरा, सासूबाई आणि हाडांचे डॉक्टर. सूट घालून. सासूबाईंनीच बोलावलेले, घरचेच समजा आता. माझ्या खोलीचं दार त्यांनी ढकललं आणि आत येत म्हणाले, "सिस्टर, मी आलोय. तुमच्या कन्सल्टंटना जरा बोलवा."

माझे गुडघे हलले. खोटं कशाला बोलू? हलले. मी दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली. केतकी दारात उभी राहून माझ्याकडेच बघत होती, हॉलमध्ये बघितलं होतं तसंच. मला कळलं, आत्ता मी उठले तर ही पुन्हा "हो काका" म्हणणार, आणि मग हिला कोणीच नाही.

मी उठले नाही.

"सर, पेशंटला मी एकटीला भेटते. तुम्ही बाहेर बसा. तुम्ही पण, काकू."

"अहो, पण मी डॉक्टर—"

"गुडघ्यांचे. माझे गुडघे दुखले की येईन तुमच्याकडे. बाहेर."

सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. डॉक्टर लाल झाले, कंप्लेंट करीन म्हणाले. करा म्हटलं, फॉर्म रिसेप्शनला मिळतो. नवरा, निखिल, दाराशी उभा होता. तो म्हणाला, "काका, चला," आणि त्याने दार बाहेरून ओढून घेतलं.

केतकी बसली. मी काही विचारायच्या आत तिने बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. मला रडू आलं. आवरलं. पट्टा बांधला. बीपी घ्यायची तशी गरज नव्हती, पण बांधला. मग ती बोलली. सव्वा तास बोलली. मी हॉलमध्ये अर्धे राहिलेले सगळे प्रश्न विचारले. औषध लिहिलं, बाळाला अंगावर पाजताना चालेल असं. दर आठवड्याची वेळ दिली. घरी येऊन बाळ-बाळंतीण बघणाऱ्या हेल्थ व्हिजिटरला तिच्यासमोरच फोन लावला.

बाहेर सासूबाईंनी औषधाचा कागद उलटसुलट करून बघितला. "सही कोणाची आहे ही?"

"माझी."

"डॉक्टरची नको?"

"नको. आडनाव वाचता येतंय ना? मोठ्या अक्षरात आहे."

त्यांनी कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

केतकी बरी झाली का, विचारतात लोक. बरी होतेय. कधी दोन पावलं पुढे, कधी चार मागे. अजून खिडकीला पडदा लावूनच झोपते. हे आधीच थांबवता आलं असतं. तीन आठवडे आधी, वड्यांच्या वासात, त्या टेबलावर. माझ्यापुढे हात ठेवला होता तिने. त्याचा राग माझा गेलेला नाही आणि तो मी जाऊ देणार नाही. डॉक्टरांची तक्रारही आली. तिचं उत्तर लिहून दिलं, एक पान, माफी न मागता.

परवा सेक्रेटरीबाईंचा पुन्हा फोन आला. यंदाचा आरोग्य दिन. भाषण कोणाचं, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. "बीपीचं टेबल तुम्हीच घ्याल ना?"

घेते म्हटलं. पण कोटांच्या खुंट्यांपाशी नाही. हॉलच्या शेजारी वर्गाची खोली आहे, तिला दार आहे. टेबल तिथे लागेल. दार आतून लावलेलं असेल आणि मी सांगेन तेव्हाच उघडेल.

"आणि खुर्च्या किती लागतील?" बाईंनी विचारलं.

"दोन," मी म्हणाले. "तिसरी आत आणू नका. कोणीही आलं तरी मी उठणार नाहीये."