बाळंतिणीच्या खोलीतला सामोवार

आमचे हे मालवाहू जहाजावर नोकरीला होते तेव्हा इराणच्या एका बंदरातून त्यांनी तो पितळी सामोवार आणला. गुडघ्याएवढा उंच, अंगभर वेलबुट्टी, पोटाला तोटी आणि मधोमध एक नळी. नळीत निखारे घालायचे, की भोवतालचं पाणी उकळतं. डोक्यावर चहाची छोटी किटली बसते. तिकडची माणसं म्हणे दातांत साखरेचा खडा धरून तो कोरा चहा दिवसभर पितात. "पण पेटवायचो तो भायर खळ्यात. निखाऱ्यांची राख झाली की मगे घरात," दुकानदाराने हातवारे करून सांगितलेलं हे मला सांगत होते.

"माका इस्तव शिकवतास?" मी म्हटलं आणि सामोवार शोकेसवर नेऊन ठेवला.

देवबागला आमच्याकडे पर्यटक उतरतात, ते त्याच्यासोबत फोटो काढत. दर चतुर्थीआधी मी तो कोकमाच्या सोलांनी घासून लखलखीत करायची. बाकी उपयोग काही नाही. आणि बिनकामाची वस्तू माझ्या डोळ्यांत खुपते, हा माझा जुना स्वभाव.

चार वर्षांपूर्वी श्रावणात लेक पहिल्या बाळंतपणाला आली. पावसाळ्यात पर्यटक नसतात, म्हणून तिला नवी स्लॅबची खोली दिली. एसी, सरकत्या काचा, दाराला खालून रबराची पट्टी. कुठून वाऱ्याची झुळूक येईल तर शपथ! मी खूश होते. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत विस्तव लागतोच. माझ्या वेळी खाटेखाली शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी आणि दार घट्ट बंद. आईचं तसंच, सासूचं तसंच. आम्ही सगळ्या जगलो ते वरच्या कौलांच्या फटींमुळे, हे कुणाच्या डोक्यात येणार?

बारसं होऊन तीन दिवस झाले आणि वादळी पाऊस लागला. वीज गेली ती दोन दिवस आलीच नाही. विजेची किटली बंद. लेकीला सारखं गरम पाणी हवं, सुंठ-गुळाचा चहा हवा, आणि स्वयंपाकघर अंगणापलीकडे. छत्री उलटी करत मी किती खेपा घालू? तिसऱ्या दिवशी दुपारी माझी नजर शोकेसवर गेली. म्हटलं, मेल्या, इतकी वर्षं नुसता मिरवलास, आता जरा राब.

न्हाणीच्या चुलीतले करवंटीचे निखारे चिमट्याने एकेक करून नळीत घातले. लाल, रसरशीत, धुराचं नाव नाही. धूर नाही म्हणजे काळजी नाही, असा माझा हिशोब. सामोवार खाटेजवळ ठेवला, दार लावून घेतलं. पाणी शू शू करायला लागलं. काय सांगू, फार छान वाटलं मला. बाहेर समुद्र नुसता गरजत होता आणि आत आम्ही तिघी उबेत होतो, बाळ झोपलेलं आणि आम्ही दोघी चहा पीत.

थोड्या वेळाने लेक म्हणाली, "आई, माझा डोक्या दुखता. खिडकी वाईच उघड मां."

"वारो लागात. गप निज," मी म्हटलं आणि तिच्या कानांभोवतीचा रुमाल आणखी आवळला.

पुन्हा एकदा म्हणाली. मी पुन्हा ओरडले. मग ती काही बोलली नाही. बाळ तर इतकं शांत झोपलं होतं की मला कौतुक वाटलं. रोज किंचाळून घर डोक्यावर घेणारी पोर आज दूध मागायलासुद्धा उठली नाही. मी स्वतःसाठी दुसरा कप भरला. तो हातातून कलंडला, चहा मांडीवर सांडला, आणि मला चटका बसला नाही. उठायला गेले तर पाय माझे नव्हतेच. खिडकीपर्यंत सरपटत गेले. काचेच्या खाचेत देवबागची वाळू अडकलेली, काच हलेना. हाक मारायला तोंडातून आवाज निघेना.

हे खाडीतली होडी बांधून चहाला आले म्हणून. दार उघडलं आणि ओरडले, "शिरा पडो! ह्यो सामोवार आत कोणी हाडल्यान?" बाळाला उचलून ते तसेच भर पावसात अंगणात गेले. मी सरपटत उंबऱ्यापर्यंत येऊन पडले होते, लेक आत खाटेवर निपचित. पाऊस बाळाच्या तोंडावर पडत होता आणि ते रडत नव्हतं. हे त्याच्या पाठीवर थोपटत होते, नाव नसलेल्या देवांनासुद्धा हाका मारत होते. मग एक बारीक, मांजराच्या पिल्लासारखा आवाज आला.

दवाखान्यात तिघींना ऑक्सिजन लावला. विहीणबाई धावत आल्या. त्यांच्यासमोर डॉक्टरांनी विचारलं, "बंद खोलीत कोळसे कुणी ठेवले?"

मी तोंड उघडलं. त्याआधी लेकीने नाकावरचा मास्क बाजूला केला. "मी. मला थंडी वाजत होती, मीच आईकडे हट्ट केला."

मी तोंड मिटलं.

ह्यांना सामोवार खाडीत फेकायचा होता, मी फेकू दिला नाही. अजून घासते. नात आता चार वर्षांची आहे, धडधाकट. सासरी अजूनही कुणी आलं-गेलं की विहीणबाई सुरू होतात, हिने पोटच्या पोरीला मारलंच होतं. लेक खाली मान घालून चहा गाळते. कधी मीही तिथे असते, माझ्या हातात कप असतो, आणि मी तो पिते.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे आलेली नात शोकेससमोर उभी राहून म्हणाली, "आजी, ह्येच्यात चाय कर मां." लेक आतून आली. हॉलच्या तिन्ही खिडक्या उघड्याच होत्या, तरी एकेकीला हात लावून तिने खात्री करून घेतली.

विहीणबाई, हे तुमच्यासाठी लिहिलंय. तिने दोनदा खिडकी उघडायला सांगितलं होतं. निखारे मी घातले.